डोळे कोरडे, मग शेक कशाला?

मागच्या अंकातल्या टिपणात आम्ही लिहिलं होतं की पापणीतल्या तेलग्रंथी तुंबल्यामुळे डोळे कोरडे पडत असतील तर रोजचा गरम शेक हा पहिला उपाय, आणि हल्ली तो डोळ्यांवर बांधायच्या विजेच्या पट्ट्यानेही घेता येतो. त्यावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक इथे घेतले आहेत. कुणाचं नाव दिलेलं नाही, गाव किंवा तालुका तेवढा दिला आहे.

प्रश्न : डॉक्टर भाऊ, आमच्या इकडं मे महिन्यात पारा 45-46 वर जाते. डोये तसेच भाजून निंगते. अन् तुम्ही म्हनता गरम पट्टा बांधा. आंधीच कोरडे डोये, वरतून शेक, मंग ते अजून कोरडे नाही होनार काय? माह्या मायले तर कूलरसमोर बसलं का बरं वाटते. (शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : शंका रास्त आहे, भाऊ. पण उन्हाळ्याची हवा आणि शेक यांचं काम एकमेकांच्या उलट आहे.

डोळ्यावरचे अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्या पाण्यावर तेलाचा अगदी पातळ थर असतो आणि तो पाणी उडू देत नाही. हे तेल पापण्यांतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 असतात. त्यांची तोंडं पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या किंचित आतल्या अंगाला उघडतात. पापणी लवली की थोडं तेल बाहेर येतं आणि पसरतं. निरोगी माणसाचं तेल पापणीच्या नेहमीच्या उष्णतेला, म्हणजे 33 ते 35 अंशांना, पातळ असतं. ग्रंथी तुंबल्या की ते थिजलेल्या तुपासारखं घट्ट होतं आणि तोंडाशी अडकून बसतं. मग अश्रू कितीही आले तरी काही सेकंदांत उडतात. डोळे कोरडे आहेत असं डॉक्टर सांगतात आणि वाऱ्यावर गेलं की पाणी तर घळाघळा वाहतं, हे कोडं त्यामुळेच पडतं.

अडकलेलं तेल मऊ व्हायला पापणीच्या आतल्या बाजूला 40 अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती काही मिनिटं टिकावी लागते. उन्हात ती मिळत नाही, कारण तिथे डोळा उघडा असतो. अश्रू उडत राहतात, पापणीतून रक्त वाहत राहतं, आणि दोन्हींमुळे पापणी थंड राहते. वर मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास उतरतो, त्यामुळे असलेलं पाणीही जातं. शेक घेताना डोळे मिटलेले असतात. पाणी उडत नाही आणि उष्णता थेट तेलापर्यंत पोचते. उन्हाळ्यात शेक सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना घ्या, भर दुपारी उगाच जिवाला त्रास कशाला.

कूलरची हवा दमट असते, म्हणून खोलीत कूलर असणं चांगलंच. आईंना बरं वाटतं ते त्यामुळे. मात्र झोत सरळ तोंडावर घेतला तर दमट वाराही अश्रू उडवतोच. कूलरच्या पट्ट्या वर वळवा किंवा बाज बाजूला सरकवा.

प्रश्न : सहा महिन्यांपासून डोळ्यांत चुरचुर होते, संध्याकाळी वाचताना अक्षर पुसट होतं, पापणी लववली की पुन्हा नीट दिसतं. मेडिकलमधून थेंब आणले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. माझी कोरड तेलाची आहे की पाण्याची, हे कसं ओळखायचं? (शिक्षिका, हिंगणघाट)

उत्तर : घरी नक्की ओळखता येत नाही, अंदाज बांधता येतो. पापण्यांच्या कडा जाड किंवा लालसर दिसतात का, सकाळी केसांच्या मुळाशी चिपड सुकलेलं असतं का, कडेला बारीक फेस येतो का, रांजणवाडी वरचेवर होते का, ते आरशात पाहा. होकार जास्त आले तर तेलाच्या बाजूचा संशय घ्या. पापणी लववल्यावर अक्षर स्पष्ट होणं हे अश्रूंचा थर लवकर फाटतो याचं लक्षण आहे.

नेत्रतज्ज्ञाकडे तीन गोष्टी पाहिल्या जातात आणि तिन्हींना महागडं यंत्र लागत नाही. पहिली, डोळ्यात पिवळा फ्लुरेसीन रंग लावून पापणी न लववता अश्रूंचा थर किती वेळ टिकतो ते मोजतात. 10 सेकंदांच्या आत फाटला तर तो कमी टिकतो. दुसरी शर्मर चाचणी. कागदाची पट्टी खालच्या पापणीत 5 मिनिटं ठेवतात. ती 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणीच फार कमी बनतं आहे. तिसरी आमच्या मते सगळ्यात कामाची आणि घाईगर्दीत नेमकी राहून जाणारी: पापणीची कडा बोटाने हलकी दाबून तेल कसं येतं ते पाहणं. स्वच्छ तेल आलं तर ठीक. पांढरट, घट्ट आलं किंवा काहीच आलं नाही तर ग्रंथी तुंबल्या आहेत. "डॉक्टर, पापणी दाबून तेल येतं का पाहाल का?" असं सरळ विचारा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं रुग्णालय, नागपूर, यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांतलं जे जवळ पडेल ते गाठा.

पुष्कळांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. नुसतं पाणीच कमी असेल तर पट्ट्याचा फारसा फायदा नाही. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, भाकरी पाण्याशिवाय गिळवत नसेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. चाळिशीनंतर बायकांमध्ये जास्त दिसणाऱ्या श्योग्रेन आजारात असं होतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. चालू औषधांची पिशवीच सोबत न्या.

एका वाचकाने लहान मुलाच्या कोरड्या डोळ्यांबद्दल विचारलं आहे. मुलाला दिवस मावळल्यावर नीट दिसत नसेल किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग असेल तर ती अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शेकाचा तिथे संबंध नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा, आणि 9 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे डोस झालेत का ते आशाताईंकडून तपासून घ्या.

प्रश्न : मुलाने मोबाइलवरून यूएसबीचा गरम पट्टा मागवून दिला. त्याला तीन बटणं आहेत, थरथरणारं मसाजही आहे. पुस्तिका चिनी भाषेत. किती गरम ठेवायचा, किती वेळ बांधायचा? आणि आमच्याकडे नेमकी संध्याकाळी लाईन जाते. (तिवसा, जि. अमरावती)

उत्तर : आधी मोजा, मग बांधा. पट्ट्यावर छापलेला आकडा आतल्या तारेचा असतो, तुमच्या कातडीपर्यंत पोचणारा नव्हे. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी आहे. 48-50 अंशांवर काही मिनिटांतच ती भाजू शकते. उलट पट्टा 38 अंशांवरच घुटमळत असेल तर तासभर बांधूनही तेल हलणार नाही. हवं ते कातडीवर 42 ते 45 अंश, 45 च्या वर कधीच नाही. बाहेरून 45 अंशांचा शेक सतत मिळाला तरी पापणीच्या आतल्या बाजूला 40 अंश गाठायला किमान 4 मिनिटं लागतात. म्हणून एकूण 10 मिनिटं.

मोजायला तापाचा थर्मामीटर चालत नाही. डिजिटल असेल तर 42-43 अंशांच्या वर तो आकडाच दाखवत नाही, आणि पाऱ्याचा फुटू शकतो. स्वयंपाकासाठी मिळतो तसा किंवा अंडी उबवणाऱ्या यंत्राला लावतात तसा, तारेच्या टोकाने मोजणारा थर्मामीटर घ्या. पट्टा हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर गुंडाळा, टोक कातडी आणि पट्टा यांच्या मधे ठेवा, वरून टॉवेलची घडी घाला. दर मिनिटाला आकडा लिहीत 10 मिनिटं पाहा. चांगला पट्टा 3-4 मिनिटांत 40 च्या वर जातो आणि पुढे एक-दोन अंशांत स्थिर राहतो. आकडा चढतच गेला तर आत तापमान रोखणारा सेन्सर नाही किंवा बिघडला आहे. तो पट्टा डोळ्यांवर बांधू नका. डावी आणि उजवी बाजू वेगळी मोजा. घडी घालून घालून मधल्या नाकाच्या जागी तार तुटते आणि एकच बाजू तापते, हा नेहमीचा बिघाड आहे.

मग रोजचा क्रम असा. हात साबणाने धुवा. काजळ पूर्ण पुसा. पापणीच्या आतल्या कडेला घातलेलं काजळ नेमकं ग्रंथींच्या तोंडावर बसतं, आणि तेल पातळ करून वर काजळाचं बूच लावण्यात अर्थ नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. डोळे मिटून पट्टा बांधा. तो डोळ्यांना टेकला पाहिजे, दाबला जाता कामा नये. कानामागचा पट्टा इतका सैल हवा की खाली एक बोट सहज जाईल. 10 मिनिटं. पट्ट्याला आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर मोबाइलवर गजर लावा आणि पडून न राहता टेकून बसा. पट्टा बांधून डुलकी लागणं हे भाजण्याचं मोठं कारण.

पट्टा काढला की लगेच, तेल अजून पातळ आहे तोवर, पापणी निपटायची. वरची पापणी निपटताना खाली पाहा आणि बोट भुवईकडून केसांकडे खाली आणा. खालची निपटताना वर पाहा आणि बोट गालाकडून केसांकडे वर न्या. प्रत्येक पापणीवर पाच ते दहा वेळा, हलक्या हाताने. दाब पापणीच्या कडेवर हवा, बुबुळावर नको. गरम झालेलं बुबुळ दाबाने आपला आकार थोडा बदलतं, म्हणून शेकानंतर डोळे चोळणं वाईट. केराटोकोनस म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना शेक घ्यावा ना पापणी निपटावी. आणि याच कारणासाठी तुमच्या पट्ट्याचं थरथरणारं बटण बंदच ठेवा. ते डोक्याला बरं वाटतं, तेलग्रंथींना त्याचा उपयोग नाही.

शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने केसांच्या मुळांची कडा पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. मग थेंब घालायचे असतील ते घाला. काही मिनिटं धूसर दिसेल, तेवढ्यात गाडी काढू नका, विळा-कोयता हातात घेऊ नका.

पहिले 4 ते 6 आठवडे दिवसातून दोनदा, पुढे रोज एकदा. पहिल्या आठवड्यात फारसं काही जाणवत नाही आणि तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. सहा आठवडे नेमाने करूनही फरक नसेल तर पुन्हा दाखवा.

आता लाईनचं. असे पट्टे साधारण 5 व्होल्ट, 1 अँपिअरवर चालतात, म्हणजे 5 वॅट. 10 मिनिटांना 1 वॅट-तासाहूनही कमी वीज लागते. 10,000 एमएएचची पॉवर बँक आठवडाभर दोन्ही वेळचा शेक आरामात काढते. काही पॉवर बँका कमी वीज ओढली जाते आहे असं पाहून स्वतःच बंद पडतात. पट्टा अर्ध्या मिनिटात थंड पडला तर दोष बहुधा तिथे असतो, दुसरी पॉवर बँक लावून बघा. पट्ट्याला टाइप-सीचं तोंड असेल आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने तो चालू होत नसेल तर एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरा. स्वस्त पट्ट्यांत हा घोळ फार असतो आणि लोक चांगला पट्टा फेकून देतात. पट्ट्यात स्वतःची बॅटरी असेल तर चार्जिंगला लावलेला असताना डोळ्यांवर बांधू नका.

प्रश्न : आमच्याकडे पट्टा घेण्याइतके पैसे नाहीत. गरम पाण्यात रुमाल बुडवून शेकतो, पण तीन महिने झाले, काही फरक नाही. (कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : रुमालाने काम होतं. तो दोन मिनिटांत थंड होतो आणि माणूस तोच रुमाल दहा मिनिटं ठेवून बसतो, चूक तिथे होते. आठ मिनिटं तुम्ही थंड ओला कपडा ठेवलेला असतो.

असं करा. एक झाकणाचा गंज किंवा डबा घ्या, पितळेचा जाड असेल तर उत्तम. उकळलेलं पाणी एक तांब्या आणि साधं पाणी दोन तांबे, हे हिवाळ्याचं माप. उन्हाळ्यात माठातल्या पाण्यासाठी अडीच तांबे. पाणी 46-47 अंशांच्या आसपास येतं. उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी मिसळणार असाल तर हे माप चुकेल, पाणी जास्त गरम होईल. थर्मामीटर नसेल तर मनगटाची आतली बाजू पाण्यात धरा. सोसवेल असं, पण चांगलं गरम लागलं पाहिजे. हात पटकन मागे घ्यावासा वाटला तर साधं पाणी घाला. शेतात काम करणाऱ्यांच्या तळहाताला घट्टे पडलेले असतात, तळहातावर भरवसा ठेवू नका.

सुती कपड्याचे चार-पाच तुकडे, प्रत्येकाची चौपदरी घडी, दोन्ही डोळे झाकतील एवढी. सगळे पाण्यात, वर झाकण. एक काढा, पिळा, डोळ्यांवर ठेवा आणि त्यावर कोरड्या टॉवेलची घडी घाला म्हणजे ऊब टिकेल. दोन मिनिटं झाली की तो पाण्यात आणि दुसरा डोळ्यांवर. पाच वेळा. तिसऱ्या फेरीपर्यंत पाणी निवत येतं, तेव्हा अर्धा कप उकळतं पाणी घाला, पण घालताना कपडे बाजूला घ्या आणि ढवळा, नाही तर एकच घडी चटका देईल. दुसरा माणूस मदतीला असला तर हे फार सोपं होतं. पुढे पापणी निपटणं, पुसणं, सगळं वर सांगितलं तसंच.

कपडे रोज धुऊन उन्हात कडक वाळवा. घरात दोघांना त्रास असेल तर दोघांचे कपडे वेगळे.

खरं सांगायचं तर पट्टा घ्यायच्या आधी प्रत्येकानेच दोन आठवडे हे करून पाहावं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं काढणं जमतं का, ते कळतं. नेम जमला नाही तर विकत घेतलेला पट्टाही फडताळातच राहतो.

प्रश्न : परदेशात जवस भरलेल्या डोळ्यांच्या पिशव्या मिळतात असं वाचलं. जवस तर आमच्या घरचा आहे. (समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : हो, तशा पिशव्या मिळतात आणि चांगल्या चालतात. जवसाचे दाणे गुळगुळीत, चपटे असल्याने पिशवी डोळ्यांच्या खळगीत नीट बसते आणि दाण्यातल्या तेलामुळे ऊब रुमालापेक्षा जास्त टिकते. दाट विणीच्या सुती कापडाची, साधारण 20 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद पिशवी शिवा, मधे नाकापाशी रुंदीच्या दिशेने एक शिवण घालून दोन कप्पे करा. दोन्ही मिळून 150 ग्रॅमच्या आत जवस भरा. जास्त भरला तर वजनाने डोळे दबतात. निवडलेला, कोरडा जवस हवा. वरून वेगळा खोळ करा, तो धुता येतो. जवस भिजला की बुळबुळीत होतो आणि पिशवी वाया जाते.

अडचण तापवण्याची. त्या पिशव्या मायक्रोवेव्हसाठी केलेल्या आहेत. तव्यावर तापवू नका, बाहेरचा दाणा करपतो आणि आतला गारच राहतो. पिशवी झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात 15-20 मिनिटं ठेवा, मधे एकदा पिशवी उलटवा. काढल्यावर हलवून दाणे एकत्र करा, थर्मामीटरचं टोक पिशवीच्या घडीत धरा, 45 च्या खाली आल्यावरच डोळ्यांवर घ्या. 40 च्या खाली गेली की पुन्हा डब्यात. वास खवट येऊ लागला की जवस बदला.

प्रश्न : जिनिंगमध्ये काम करते. रुईचे तंतू डोळ्यांत जातात, डोळे लाल राहतात. मागच्या आठवड्यात घरी तूर काढताना कुटार उडून डोळ्यात गेलं, तेव्हापासून एक डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही. गरम शेक घेऊ का? (राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही, ताई. शेक नको आणि वाट पाहणंही नको. हा अंक हातात पडेपर्यंत दाखवलं नसेल तर आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा. तुरीचं, सोयाबीनचं कुटार, धानाचं तूस, गव्हाची कुसळं बुबुळाला ओरखडा काढतात आणि त्यातून बुरशीची जखम होऊ शकते. ती सावकाश वाढते, आणि बरी झाली तरी बुबुळावर पांढरा डाग राहून नजर जाऊ शकते. एकाच डोळ्यात दुखणं, उजेड न सोसणं, नजर कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, यांतलं काहीही असेल तर ती कोरड धरायची नाही.

मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब मागून घेऊ नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं नाव दिसलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घालू नका. एका दिवसात लाली जाते, आत बुरशी मोकाट वाढते. फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर आधी 15 ते 20 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, मग डब्याचं लेबल घेऊन दवाखाना.

डोळा बरा झाल्यावर जिनिंगच्या कामाला बाजू झाकणारा चष्मा लावा. दुपट्टा नाकातोंडाला पुरतो, डोळ्यांना नाही. कामाची पाळी संपली की डोळे चोळण्याऐवजी स्वच्छ पाण्याने धुवा. साधे ओलावा देणारे थेंब म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज 0.5 टक्के. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायन) नसलेले घ्या, कारण परिरक्षक स्वतःच बुबुळाला टोचतं. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या.

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालं, तीन हप्ते झाले. साखर पण हाय तिले. डोये कोरडे लागते म्हनते. पट्टा बांधू काय? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : आत्ता नाही. ऑपरेशननंतर काही महिने कोरड वाटणं नेहमीचं आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी तपासून हो म्हटल्याशिवाय शेक नको, पापणी निपटणं तर मुळीच नको. तोवर त्यांनी लिहून दिलेले थेंब वेळेवर घाला. पुढे परवानगी मिळाली तरी मधुमेह बरीच वर्षं असेल तर चटका कमी जाणवतो, म्हणून पट्टा किती गरम आहे ते तुम्ही स्वतःच्या मनगटावर आणि थर्मामीटरने पाहा. "आई, गरम लागते काय?" एवढ्यावर सोडू नका.

तोंडावरून वारं गेल्यामुळे एक डोळा नीट मिटत नसेल त्यांनीही पट्टा बांधू नये, उघडं बुबुळ थेट भाजेल. आलेले डोळे, पापणीवरची जखम किंवा नागीण असेल तर शेक थांबवा. ॲलर्जीने नुसती खाज असेल तर गरम नको, थंड पाण्याची घडी ठेवा.

प्रश्न : पुण्यातल्या नातेवाइकांना दवाखान्यात 12 मिनिटांचा यंत्राचा उपचार सुचवला आहे. तो घेतला की घरचा शेक सुटतो का? (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : 12 मिनिटं म्हणजे बहुधा लिपीफ्लो. औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने त्याला 2011 मध्ये परवानगी दिली. त्यात बुबुळावर संरक्षक कवच बसवून पापणी आतल्या बाजूने 42.5 अंशांपर्यंत तापवतात आणि त्याच वेळी बाहेरून ठेक्यात दाब देऊन तेल बाहेर काढतात. उष्णता आतून मिळते, पापणीची जाडी पार करावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. टिअरकेअर नावाच्या दुसऱ्या साधनात चार पातळ चिकटपट्ट्या पापण्यांवर बाहेरून लावतात, त्या 41 ते 45 अंशांना 15 मिनिटं तापतात. रुग्ण डोळे उघडे ठेवून पापण्या लववत बसू शकतो, आणि नंतर डॉक्टर चिमट्याने ग्रंथी दाबून रिकाम्या करतात. फ्रान्सच्या थेआ कंपनीचा ब्लेफास्टीम हा दमट ऊब देणारा चष्मा आहे, 10 मिनिटांचा.

कोणत्याही यंत्राचा परिणाम कायमचा नसतो, काही महिने टिकतो, कारण ग्रंथी पुन्हा तेल बनवतात आणि ते पुन्हा घट्ट होतं. घरचा शेक बहुधा चालूच ठेवावा लागतो. पैसे भरण्याआधी ग्रंथींचा फोटो, म्हणजे मायबोग्राफी, काढून घ्या. तुंबलेल्या ग्रंथी मोकळ्या होतात. सुकून नाहीशा झालेल्या कोणत्याही यंत्राने परत येत नाहीत. फोटोत बऱ्याच ग्रंथी शिल्लक असतील तर विचार करण्यासारखं आहे.

प्रश्न : जपानी वाफेचे पट्टे ऑनलाइन दिसतात, विजेशिवाय तापतात म्हणे. आणि आपला यूएसबीचा पट्टा उन्हाळ्यात कुठे ठेवायचा? (काटोल, जि. नागपूर)

उत्तर : त्या पट्ट्यांत लोखंडाची भुकटी असते. पाकीट फोडलं की हवेतल्या प्राणवायूशी तिचा संयोग होऊन ऊब तयार होते, साधारण 40 अंश, 20 मिनिटांच्या आसपास. प्रवासात सोयीचे आहेत, पण एकदाच वापरायचे. रोज दोनदा म्हटलं तर खिसा रिकामा होईल, आणि तुंबलेल्या ग्रंथींना 40 अंश बाहेरून थोडे कमीच पडतात. पाकीट फाटलेलं असेल तर ते आधीच संपलेलं असतं. पुन्हा तापवायचा प्रयत्न करू नका.

बॅटरीचा पट्टा टिनाच्या छताखाली, गाडीच्या डिक्कीत किंवा खिडकीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी, जळका वास किंवा तारेशी काळा डाग दिसला तर वापर तिथेच थांबवा. आतला कपडा निघत असेल तर आठवड्यातून दोनदा धुवा. निघत नसेल तर दर वेळी डोळ्यांवर स्वच्छ सुती कपड्याचा एक पदर घालून वरून पट्टा बांधा, आणि तो पदर घालूनच तापमान पुन्हा एकदा मोजा, ते एक-दोन अंशांनी उतरलेलं दिसेल.